कंसातला हशा

डॉक्टर हिर्लेकर गेल्याच्या बातमीवर मी हसरा चेहरा टाकला. साधा नव्हे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा तो पिवळा चेहरा. झालं असं, की डॉक्टर रोज सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण पाठवायचे आणि खाली स्वतःचा जळजळीत शेरा. मी इंग्लंडात बेसिंगस्टोकला ऑफिसच्या कारपार्कमध्ये गाडी लावता लावता ते न वाचताच तो चेहरा दाबायचो. हजेरी सकाळी लावायची, कात्रण संध्याकाळी वाचायचं, असा माझा शिरस्ता. त्या दिवशी मेसेज डॉक्टरांच्याच फोनवरून आला होता, पण लिहिला होता त्यांच्या मुलीनं, नेहानं. दुपारी तिचा लंडनमधल्या स्टॅनमोरहून फोन आला. नेहा इथंच जन्मली, इथंच वकील झाली. मराठी तिची घरापुरती. "काका, माझा बाबा गेला आणि तुम्ही हसतो? सीरियसली?" मी म्हटलं, "अगं, चुकून…" खरं म्हणजे चुकून नव्हतं. सवयीनं होतं, आणि सवय चुकीपेक्षा वाईट.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या इथल्या मराठी मंडळाची ऑनलाइन शोकसभा झाली. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे, कारण मंडळात कुठंही माइक दिसला की थोड्या वेळानं तो माझ्या हातात असतो. एकेक जण बोलत गेला. डॉक्टर हसतमुख होते. डॉक्टर मनमिळाऊ होते. डॉक्टरांनी कधी कुणाला दुखावलं नाही. साउथहॅम्प्टनच्या घरात एकट्या बसलेल्या डॉक्टरांच्या पत्नीनं, मालतीवहिनींनी, मध्येच कॅमेरा बंद केला, आणि सगळ्यांना वाटलं त्यांना रडू आवरेना. मी नंतर फोन केला तर म्हणाल्या, "रडू कसलं? राग आला. हे कुणाबद्दल बोलत होते रे?" मलाही तेच विचारायचं होतं, पण मी सूत्रसंचालक होतो, मी सगळ्यांचे आभार मानत बसलो होतो. म्हणून आता लिहितो. प्रभाकर हिर्लेकर हसतमुख नव्हते. रागीट होते, चांगले खणखणीत रागीट होते, आणि त्यांच्या रागाला कारण होतं. माणूस गेला की आधी त्याचा राग पुसून काढायचा आणि मग उरलेल्या फोटोला हार घालायचा, हे मला मान्य नाही.

आमची पहिली भेटही अशाच एका सभेतली. मी पुण्याहून वर्क व्हिसावर नुकताच आलो होतो आणि पहिल्याच वर्षी मंडळाच्या वार्षिक सभेत माइकवर होतो (कसा ते विचारू नका). नवी कार्यकारिणी बिनविरोध निवडून आल्याचं मी जाहीर केलं. मागच्या भिंतीला टेकून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. खुर्च्या रिकाम्या असताना उभे. त्यांनी विचारलं, "विरोध आहे का, असं कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, "डॉक्टर, विरोध करणाऱ्याला पुढच्या वर्षी पाचशे पुरणपोळ्या लाटायला लागतील." हॉल हसून हसून लोटपोट झाला. मी खूश. जेवणाच्या रांगेत ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. "विनोद चांगला होता," म्हणाले, "उत्तर काय?" मी ताट पुढं करून भाजी वाढून घेतली. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. त्यांची माझ्याशी का झाली हे मला अजून कळलेलं नाही. वहिनींचं मत असं, की भूल देणाऱ्या डॉक्टरला बडबड थांबत नाही असा पेशंट पाहून कुतूहल वाटलं असणार.

निवृत्त झाल्यावर डॉक्टर घरात भुंग्यासारखे फिरायला लागले तेव्हा वहिनींनीच त्यांना बाहेर काढलं. ते शेजारच्या एका छोट्या गावातल्या लायब्ररीत जायला लागले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचा माझ्यावर राग असण्यापेक्षा माझा त्यांच्यावर असावा, हे मला जास्त सोयीचं वाटतं. त्या लायब्ररीत जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या फिल्म होत्या, आणि ते यंत्राची मूठ फिरवत त्या वाचत बसायचे. आधी क्रिकेटसाठी. मग एका हिवाळ्यात त्यांना ती पोटनिवडणूक सापडली.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. त्या काळी इथं एक मजेशीर नियम होता. खासदाराला मंत्री केलं, की त्यानं आपली जागा सोडायची आणि पुन्हा मतदारांपुढं उभं राहून निवडून यायचं. पगाराची खुर्ची मिळाली, आता तरी आम्हाला चालतोस का ते सांगतो, असा मतदारांचा हक्क. डॉक्टरांना हा नियम फार आवडायचा. "आपल्या मंडळात आणा," म्हणायचे. तर त्या गावचा खासदार मंत्री झाला, पोटनिवडणूक लागली. एरवी झोपलेलं गाव महिनाभर पेटून उठलं. झेंडे, फिती, पक्षाच्या रंगांच्या टोप्या घातलेले कुत्रे, मतदारांना केंद्रापर्यंत नेण्यासाठी श्रीमंतांनी उसन्या दिलेल्या मोटारी, मताचा हक्क मागणाऱ्या आणि सभा उधळणाऱ्या बायका. हे सगळं डॉक्टर मला रोज सकाळी पाठवायचे आणि मी हसरा चेहरा दाबायचो.

एका शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. डॉक्टरांनी खिचडीला हात लावला नाही. एक कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं वाचायला लागले. कॉर्न एक्स्चेंजमधली, म्हणजे धान्यबाजाराच्या हॉलमधली, मंत्रिमहाशयांची शेवटची सभा. मंत्री स्वस्त पावाबद्दल बोलताहेत. आमच्या पक्षाला मत द्या, पाव स्वस्त राहील. टाळ्या. मग डॉक्टर थांबले, चष्मा वर केला आणि सावकाश वाचलं, "ए व्हॉइस, व्हॉट अबाउट इंडिया?"

"म्हणजे?"

"म्हणजे एक आवाज. नाव नाही, काही नाही. मागून कुणीतरी ओरडलं, इंडियाचं काय? पुढं कंस. कंसात लाफ्टर. कंस पुरा. मग, विचारणाऱ्याला पोलिसाकरवी हॉलबाहेर काढण्यात आलं. आणि पुढच्या ओळीत मंत्री पुन्हा पावावर."

'पुन्हा पावावर' हे त्यांनी अशा काही ढंगात म्हटलं की मला हसू फुटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं," म्हणाले, "तूही कंसातच."

त्यानंतर त्या आवाजानं डॉक्टरांना धरलं ते सोडलंच नाही. कोण असेल? शिकायला आलेला विद्यार्थी? साउथहॅम्प्टनच्या बंदरात उतरलेला कुणी बोटीवरचा खलाशी? त्यांनी पुढचे अंक पाहिले, विरोधी पक्षाचं वर्तमानपत्र पाहिलं. कुठं काही नाही. मी म्हटलं, "आपलाच कुणीतरी असणार, डॉक्टर." ते म्हणाले, "असेल, नसेल. गोरा निघाला तर मला जास्त आवडेल." स्वतःचं काही अडलेलं नसताना कुणी विचारावं, याचं त्यांना मोल होतं. तेव्हा मला ते समजलं नाही, आणि समजलं नाही म्हणजे मी गप्प बसलो असं तर कधी होतच नाही. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरती आणि प्रसाद यांच्यामधला वेळ भरून काढायला मी माइकवरून ही गोष्ट सांगितली. लोक ऐकत होते, त्यामुळं मला चढत गेली. बोलता बोलता तो आवाज मराठी झाला. मग रत्नागिरीचा झाला. मग त्यानं बाहेर काढताना पोलिसाला सुनावलेलं एक वाक्यही मी सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात ती गोष्ट मलाच नागपूरच्या आत्याकडून फॉरवर्ड होऊन आली, वर भगवा झेंडा, खाली 'प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा'.

डॉक्टरांचा फोन आला. "पुरावा?"

"डॉक्टर, भावना लक्षात घ्या…"

"त्या माणसाला एकदा पोलिसांनी हॉलबाहेर काढलं. तू त्याला थेट कोकणात नेऊन टाकलास." आणि फोन ठेवला. बरेच दिवस कात्रणं आली नाहीत. मला वाटायचं सकाळी मला त्या कात्रणांची फारशी पर्वा नसते. कारपार्कमध्ये गाडीत नुसता बसून राहायला लागलो तेव्हा कळलं.

अबोला त्यांनीच मोडला. न्यू फॉरेस्टच्या रानात फिरायला जाऊ म्हणाले. तोवर त्यांच्या फुप्फुसांचा आजार सुरू झाला होता. थोडं चाललं की बाकड्यावर बसायला लागायचं. अशाच एका बाकड्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, एकदाच, आणि पुन्हा कधी काढली नाही. ते तरुण असताना उत्तरेकडच्या एका इस्पितळात होते. विभागाच्या बैठकीत त्यांनी विचारलं, ख्रिसमसची ड्यूटी दर वर्षी ठरावीक आडनावांनाच कशी येते? मोठे डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही लोक ख्रिसमस साजरा थोडाच करता!" सगळे हसले. प्रेमानं हसले, खांद्यावर थाप मारून हसले. आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. "मला राग कशाचा येतो सांगू?" डॉक्टर म्हणाले. धाप लागली होती, एकेक शब्द वेगळा पडत होता. "मीही हसलो. नोकरी नवी होती… हसलो. त्या कॉर्न एक्स्चेंजमधल्या माणसाला निदान बाहेर तरी काढलं रे. म्हणजे तो हसला नसणार."

मी काहीतरी विनोद करणार होतो. केला नाही. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणांत मी तो धरतो.

त्याच सुमारास त्या गावच्या इतिहास मंडळानं ठरवलं, की जुन्या पोटनिवडणुकीची ती सभा त्याच हॉलमध्ये नाट्यरूपात करायची. कॉर्न एक्स्चेंज आता कला केंद्र आहे, खाली कॅफे, वर हॉल. डॉक्टर त्या इतिहास मंडळाचे सभासद होते. तिथले अध्यक्ष जेफ्री म्हणजे सभ्यपणाचा कळस. निवृत्त मुख्याध्यापक, कॉर्डरॉयची पँट, कुणाचंही बोलणं मान तिरकी करून ऐकणार. त्यांच्या लेखी डॉक्टर 'प्रॅब' होते. मूळ वृत्तान्त डॉक्टरांनीच शोधून दिला होता, आणि त्यावरून जेफ्रींनी संहिता लिहिली. तिच्यात कुत्रे होते, मोटारी होत्या, घंटा वाजवत घुसणाऱ्या बायका होत्या, मंत्र्याच्या टोपीवर पडलेला पिठाचा पुडाही होता. आवाज नव्हता.

डॉक्टर मला सोबत घेऊन जेफ्रींना भेटायला गेले. चहा आला. जेफ्री म्हणाले, ते वाक्य मोठं वेधक आहे, पण त्यानं ओघ तुटतो. "त्यातून पुढं काही निष्पन्न होत नाही ना, प्रॅब."

"तेच तर दाखवायचंय," डॉक्टर म्हणाले.

जेफ्रींनी मान तिरकी करून ऐकलं. बराच वेळ असंच चाललं. डॉक्टरांचा आवाज चढत गेला, खोकला येत गेला, आणि जेफ्री अधिकाधिक मृदू होत गेले. मृदू माणसाशी भांडून पाहा कधी. उशीवर बुक्क्या मारल्यासारखं होतं, आणि दमतो तो मारणाराच. शेवटी जेफ्रींनी कबूल केलं. वाक्य घेऊ, आणि ते डॉक्टरांनीच म्हणावं. मग उजळून म्हणाले, "एखादा छानसा फेटा बांधाल का? स्टेजला जरा रंग येईल." डॉक्टर कपातला चहा तसाच ठेवून उठले. दारात म्हणाले, "मी माझ्या कोटात येईन." गाडीत मी विचारलं, एवढं कशाला हे सगळं, डॉक्टर? एक वाक्य तर आहे. ते म्हणाले, "वाक्यासाठी नाही. वाक्य त्यानं म्हणून झालंय. मंत्र्यानं उत्तर दिलं नव्हतं. मला त्याच हॉलमध्ये विचारायचंय, आणि कुणी हसायच्या आत बघायचंय, काय उत्तर देतात. काहीही देऊ देत. पण देऊ देत."

तालीम त्यांच्या गॅरेजमध्ये. तोवर खांद्याला लटकवायचं ऑक्सिजनचं छोटं यंत्र आलं होतं. डॉक्टर नाकातली नळी काढायचे, श्वास भरून घ्यायचे, भरून घ्यायला त्यांना चांगलाच वेळ लागायचा, आणि ओरडायचे, "व्हॉट अबाउट इंडिया?" मग खुर्चीत बसून नळी लावून डोळे मिटून घ्यायचे. वहिनी स्वयंपाकघरातून, "शेजारचे पोलीस बोलावतील एक दिवस!"

"पोलीस इथंच आहे," डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे. कारण त्यांना बाहेर काढणारा कॉन्स्टेबल मी होतो. इतिहास मंडळाला कुणीच मिळत नव्हतं आणि मी हात वर केला होता. गणवेश भाड्याचा, शिरस्त्राण माझ्या डोक्याला दोन मापं मोठं. काम सोपं होतं. मंत्री दुसऱ्यांदा 'स्वस्त पाव' म्हणाले की डॉक्टर ओरडतील. लोक हसतील. मग मी जाऊन त्यांना धरायचं. मला एकही वाक्य नव्हतं. वहिनी म्हणाल्या होत्या, ही माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली भूमिका.

हॉल भरला होता. वहिनी आणि नेहा तिसऱ्या रांगेत. डॉक्टर मागच्या भिंतीशी, काळा कोट, नळी काढून खिशात. मी दाराशी. मंत्री झालेले जेफ्री रंगात आले होते. एकदा स्वस्त पाव झाला. माझे कान टवकारलेले, शिरस्त्राण भुवयांवर आलेलं. दुसऱ्यांदा स्वस्त पाव झाला आणि मी निघालो. सरळ गेलो आणि डॉक्टरांचा दंड धरला. ते अजून श्वास भरून घेत होते. तोंड उघडलेलं, छाती वर आलेली… आणि मी त्यांना, काहीही न बोललेल्या माणसाला, खेचत दाराकडे नेलं. हॉलमध्ये असा हशा फुटला की छापायला कंस पुरला नसता. कुणीतरी "गुड ओल्ड बॉबी!" म्हणून ओरडलंही (बॉबी म्हणजे इथला पोलीसदादा). मला वाटलं प्रयोग उत्तम चाललाय. मी शिरस्त्राणाला हात लावून सलाम ठोकला.

बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टर बाकावर बसले. नळी त्यांना लावता येईना म्हणून मी लावली, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडे पाहून मला कळलं, मी काय केलं ते. आतून अजून हसण्याचे तुकडे येत होते. डॉक्टरांनी आधी श्वास जुळवला. मग म्हणाले, "त्या पोलिसानं निदान त्याला बोलू दिलं होतं."

मी त्यांना घरी न्यायला निघालो. ते म्हणाले, नाही, आत चल. प्रयोग संपला होता, जेफ्री टोपी काढून आभार मानत होते, आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, कुणाला काही प्रश्न? डॉक्टर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. ओरडण्याइतका श्वास आता नव्हताच. साध्या, बारीक, थकलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "व्हॉट अबाउट इंडिया?"

क्षणभर शांतता झाली. मी तो क्षण ऐकला आहे, शपथेवर सांगतो. मग जेफ्रींचा चेहरा फुलला. "ओ, स्प्लेंडिड! शेवटी आपल्या प्रॅबला त्याचं वाक्य मिळालंच! जोरदार टाळ्या होऊ द्या!" आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. उभे राहून. मागे वळून, हसून, डॉक्टरांकडे पाहून, मनापासून. एक आजीबाई डोळे पुसत होत्या. त्या टाळ्यांत कुठंही वाईट हेतू नव्हता, आणि याचाच मला आजही संताप येतो. वाईट हेतूशी भांडता येतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय म्हणणार? तुमच्या हातांना थोबाडीत मारा, असं? त्या हॉलमधला एकही माणूस क्रूर नव्हता, आणि इतक्या सगळ्या चांगल्या माणसांनी मिळून एका मरायला टेकलेल्या माणसाचा प्रश्न असा काही गिळून टाकला की ढेकरसुद्धा आली नाही.

परतताना गाडीत नेहा रडत होती. "बाबा, एव्हरीवन लव्ड इट," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते. घराचं वळण आलं तेव्हा म्हणाले, "हशा परवडला. हसणाऱ्यांना निदान कळलं होतं, की कुणीतरी काहीतरी विचारलंय."

त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. कात्रणं मात्र येत राहिली. पोटनिवडणुकीची नाहीत, पुन्हा क्रिकेटची. शेरे आखूड झाले. माझ्या पोलिसगिरीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मला वाटायचं एकदा कचकचीत शिव्या देतील तर बरं. दिल्या नाहीत. आजारपणाच्या शेवटी माणसं शांत होतात म्हणे. मला तसल्या शांततेचं काही कौतुक नाही. रागवायलाही श्वास लागतो, तो त्यांच्यापाशी उरला नव्हता, इतकंच.

ते गेल्यावर इतिहास मंडळाच्या वार्तापत्रात चार ओळी आल्या. आमचा लाडका प्रॅब, ज्यानं आपल्या अविस्मरणीय विनोदी भूमिकेनं आम्हा सर्वांना खळखळून हसवलं. मी ते वाचलं आणि फोन भिंतीवर फेकायला उचलला. पण फोन कंपनीचा होता. मग वहिनींना वाचून दाखवलं. 

"त्यांची पुढची सभा कधी आहे रे?" वहिनींनी विचारलं.

"कशाला?"

"मला घेऊन चल. आणि तू विचार."

"मी? वहिनी, तुम्हाला माझा इतिहास माहीत आहे…"

"माझं इंग्रजी अशा वेळी अडतं. नेहा रडेल. तू बोलल्याशिवाय एरवी तरी राहतोस का? मग आता बोल."

तर आम्ही गेलो. तोच हॉल. त्या दिवशी विषय होता गावातल्या घोड्यांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोण्या. त्यावर एक सद्गृहस्थ स्लाइड दाखवत बोलत होते, आणि बाकीचे जण एवढ्या आस्थेनं ऐकत होते की मला त्या डोण्यांचा हेवा वाटला. वहिनी माझ्याशेजारी पांढऱ्या शालीत ताठ बसल्या होत्या. जेफ्रींनी येताना त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन सांत्वन केलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. भाषण संपलं. जेफ्री उठले. कुणाला काही प्रश्न? आयुष्यभर माइक हिसकावून घेणारा माणूस मी, आणि तिथं उठवेना. वहिनींनी कोपरानं ढोसलं. मी उठलो आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

"सॉरी," मी म्हणालो, "सॉरी, छोटासाच प्रश्न आहे. डोण्यांबद्दल नाही."

लोक हसण्याच्या तयारीनं वळले. मी ओळखतो ती तयारी, त्यावर तर माझं पोट भरतं. आता एक विनोद टाकला की सगळं सोपं होणार होतं, आणि खोटं कशाला बोलू, तो विनोद जिभेवर आलासुद्धा होता. मी तो गिळला. म्हणालो, "डॉक्टर हिर्लेकरांनी इथं उभं राहून तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तो नाटकातला नव्हता. नाटकातलं त्यांचं वाक्य मी खाल्लं होतं. हे त्यांनी स्वतः विचारलं होतं. इंडियाचं काय? त्याचं उत्तर मला हवंय."

जेफ्री म्हणाले, "आपला प्रॅब… किती रसिक…"

"उत्तर काय?" मी विचारलं.

कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं, आणि मग शोधायचं थांबवलं. जेफ्रींची मान त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ झालेली मी पाहिली. ते वहिनींकडे पाहत होते. वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या, हलल्या नाहीत. शेवटी ते म्हणाले, "आय डोन्ट नो. खरं सांगायचं तर… तो प्रश्न आहे, हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं." आणि खाली बसले. आभार मानायचे राहून गेले. खुर्च्या सरकवण्याचा आवाज न करता लोक हळूहळू बाहेर पडले.

शंभर वर्षांहून जुन्या प्रश्नाला त्या हॉलनं दिलेलं उत्तर काय, तर माहीत नाही. माझा राग यानं निवला असं कुणी समजू नये. पण ते उत्तर होतं, आणि ते ऐकायला डॉक्टर नव्हते, आणि हे असं उलटं का होतं याचा जाब कुठं मागायचा तेही मला कळत नाही.

गाडीत बसलो तेव्हा माझी छाती फुगली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माइकशिवाय बोललो होतो आणि कुणाला हसवलं नव्हतं. वहिनींनी पट्टा लावला, शाल सारखी केली.

"वहिनी, पाहिलंत?" मी म्हणालो. "कुणी हसलं नाही. उत्तर दिलं त्यांनी."

"दिलं," वहिनी म्हणाल्या. "पण तू आधी सॉरी कशाबद्दल म्हणालास रे? तेही दोनदा. नेभळट आहेस अगदी."